सरोवराचा गाळ आणि खनिज तेल

आपल्या नाशिक रोड परिसरात दोन जळणांचा वावर नित्याचा आहे. एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र दगडी कोळशावर चालते. तर मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे साठे असून तेथून निघालेले पेट्रोल-डिझेल टँकरांतून गावोगाव पोहोचते. कोळसा आणि तेल ही दोन्ही प्राचीन काळच्या सजीवांनी साठवलेल्या सूर्यप्रकाशाची रूपे आहेत, हे आपण शालेय भूगोलात शिकतो. मात्र एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. दोन्हींचे मूळ जर सजीवच, तर एक घन आणि दुसरे द्रव का? चंद्रपूरच्या जमिनीतून कोळसा निघतो आणि राजस्थानातल्या बाडमेरच्या जमिनीतून तेल निघते, असे का व्हावे?

या प्रश्नाचा माग काढत गेल्यास आपण एका प्राचीन सरोवराच्या तळाशी येऊन पोहोचतो. त्या तळाचा गाळ, त्या गाळाचा झालेला खडक आणि त्या खडकातून पाझरलेले तेल यांचे नाते उलगडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय रसायनशास्त्राच्या वर्गातला वाटेल. परंतु कला शाखेच्या विद्यार्थ्याने बिचकण्याचे कारण नाही. इतिहासाचा अभ्यासक ज्याप्रमाणे एखाद्या ताम्रपटाच्या अक्षरवाटिकेवरून त्याचा काळ आणि लेखनाचे स्थळ ताडतो, त्याचप्रमाणे भूरसायनशास्त्रज्ञ तेलाच्या थेंबातील रेणूंवरून त्याचे जन्मस्थान ताडतो. साधने वेगळी असली, तरी पुरावा तपासण्याची रीत एकच आहे.

दलदल आणि सरोवर

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खनिज तेल हे डायनोसॉरसारख्या अवाढव्य प्राण्यांच्या देहांपासून बनले, अशी कल्पना पुष्कळांच्या मनात असते. ती खरी नव्हे. तेलाचे खरे जनक म्हणजे डोळ्यांना न दिसणारी शैवले, त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी आणि जीवाणू. आकाराने क्षुद्र, परंतु संख्येने अगणित अशा या जीवांनी तेल घडवले.

आता कोळसा आणि तेल यांतील भेद पाहू. जमिनीवरच्या वृक्षाला उभे राहायचे असते. त्यासाठी त्याच्या देहात लाकूड असते आणि लाकडात काष्ठद्रव्य व सेल्युलोज भरपूर असते. या द्रव्यांत ऑक्सिजन पुष्कळ आणि हायड्रोजन तुलनेने थोडा असतो. पाण्यावर तरंगणाऱ्या शैवलाला उभे राहण्याची गरजच नाही. त्याच्या देहात लाकूड नसते. मेदद्रव्ये मात्र भरपूर असतात. मेदात हायड्रोजनचे प्रमाण जास्त असते. स्वयंपाकघरातील शेंगदाण्याचे तेल आणि चुलीतले सरपण यांत जो फरक आहे, तोच स्थूलमानाने येथेही आहे.

तेव्हा दलदलीत वृक्ष पडून साचले की पुढे कोळसा होतो आणि सरोवराच्या किंवा समुद्राच्या तळाशी शैवलांचा गाळ साचला की पुढे तेल होऊ शकते. जगातील बरेचसे तेल समुद्राच्या गाळातून आले, हे खरे. म्हणूनच तेल म्हणजे समुद्र असे समीकरण एके काळी रूढ झाले होते. समुद्री गाळाचे खडक पुरेसे नसल्यामुळे चीनमध्ये तेल विपुल मिळणार नाही, असेही त्या काळी मानले जाई. परंतु १९५९ साली चीनच्या ईशान्येस दाचिंग येथे प्रचंड तेलक्षेत्र सापडले आणि त्याचा उगम क्रिटेशस काळातल्या सरोवराच्या गाळात असल्याचे दिसून आले. पुढे २००६ साली ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळाखालच्या मिठाच्या जाड थराच्याही खाली तुपी हे क्षेत्र मिळाले. तेथील तेलही सरोवराचेच. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकांपासून विलग होत असताना पडलेल्या खचदरीत ते सरोवर साचले होते. गोड्या किंवा मचूळ पाण्याच्या तळ्यातूनही देशाचे नशीब पालटण्याइतके तेल निघू शकते, हे यावरून सिद्ध झाले.

लोणारचा धडा

मात्र प्रत्येक तळ्यातून तेल होत नाही. गावच्या तळ्यात दरवर्षी शेवाळ येते, मरते आणि नाहीसे होते. ते जाते कुठे? पाण्यातील ऑक्सिजनच्या साहाय्याने जीवाणू त्याचा फडशा पाडतात. पाण्यात जे सेंद्रिय द्रव्य निर्माण होते, त्यातील शंभरात एक भागही सामान्यतः गाळात टिकत नाही. तेव्हा शैवलांची भरभराट जितकी महत्त्वाची, तितकेच त्यांचे कुजण्यापासून रक्षण होणेही महत्त्वाचे. हे रक्षण ऑक्सिजनविरहित तळ करतो.

असा तळ कसा असतो हे समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपल्या परिचयाचे आहे. बेसाल्टी खडकात उल्कापाताने पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात ते साचले आहे. त्याचे पाणी खारे आणि अत्यंत अल्कधर्मी आहे. नील-हरित शैवलांमुळे ते बहुधा हिरवेगार दिसते. २०२० सालच्या जून महिन्यात ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले होते. या सरोवराच्या तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नसतो. काठावरच्या काळ्या चिखलाला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास हीच त्याची खूण होय. ऑक्सिजनवर जगणारे जीव तेथे तग धरू शकत नाहीत. म्हणून वरून पडणारे शैवलांचे अवशेष पूर्णपणे नष्ट होत नाहीत आणि गाळात थरावर थर साचतात. लोणारच्या गाळाचे नमुने काढून संशोधकांनी गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांतील मोसमी पावसाचा इतिहास वाचला आहे. तळ निवांत असल्याखेरीज अशी नोंद टिकत नाही.

लोणारच्या तळाशी तेल होत आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. तो गाळ थोडा, उथळ आणि थंड आहे. परंतु तेलाच्या जन्मकथेचा पहिला अध्याय तेथे डोळ्यांनी पाहता येतो.

गाळापासून केरोजेनपर्यंत

गाळावर नवा गाळ चढत जातो. खालच्या थरांतील पाणी पिळून निघते आणि चिखलाचा शेल नावाचा पापुद्री खडक होतो. त्यातील सेंद्रिय द्रव्याचे रेणू एकमेकांत गुंतून एक अविद्राव्य, गुंतागुंतीचे द्रव्य बनते. त्यास केरोजेन म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मेण. केरोजेन म्हणजे मेण उत्पन्न करणारे. स्कॉटलंडमधील तेलयुक्त शेल खडकांच्या अभ्यासात हे नाव प्रथम योजले गेले. ज्या खडकात पुरेसे केरोजेन आहे आणि ज्यातून तेल उत्पन्न होऊ शकते, त्यास आपण येथे जनक खडक म्हणू.

केरोजेनचे स्थूलमानाने तीन प्रकार मानतात. पहिला प्रकार सरोवरातील शैवलांपासून होतो. त्यात हायड्रोजन सर्वांत जास्त. दर कार्बन अणूमागे सुमारे दीड किंवा अधिक हायड्रोजन अणू असतात. दुसरा प्रकार मुख्यतः समुद्री सूक्ष्म जीवांपासून होतो व त्यातील हायड्रोजन मध्यम असतो. तिसरा प्रकार जमिनीवरच्या वनस्पतींच्या काष्ठापासून होतो. त्यात दर कार्बन अणूमागे एकाहून कमी हायड्रोजन अणू असतो आणि त्यातून मुख्यतः वायू निघतो. ही विभागणी करणारा आलेख मुळात कोळशासाठी तयार झाला. डच शास्त्रज्ञ फान क्रेफेलन याने तो मांडला आणि पुढे फ्रान्समधील तिसो व त्याच्या सहकाऱ्यांनी तो केरोजेनला लावला. कोळसा आणि तेल ही दोन भावंडे एकाच कागदावर आली ती अशी.

हायड्रोजनमुळे केवढा फरक पडतो, हे एका काल्पनिक हिशेबाने दाखवता येईल. समजा, एक चौरस किलोमीटर क्षेत्रात १०० मीटर जाडीचा जनक खडक आहे. एका घनमीटरचे वजन २.४ टन धरले, तर एकूण खडक २४ कोटी टन भरेल. त्यात सेंद्रिय कार्बन ४ टक्के असेल, तर तो ९६ लाख टन होईल. शैवलजन्य केरोजेनमध्ये दर टन कार्बनमागे ६०० किलोग्रॅम तेल-वायू उत्पन्न करण्याची शक्ती धरल्यास ५७ लाख टनांहून अधिक उत्पादन होऊ शकेल. तेच केरोजेन काष्ठजन्य असून ही शक्ती १०० किलोग्रॅम धरल्यास उत्पादन दहा लाख टनांच्या आत राहील आणि तेही बहुतांशी वायूचे. खडक तेवढाच, कार्बनही तेवढाच; फरक केवळ कोणता जीव तळाशी पडला याचा.

उष्णता आणि काळ

केरोजेन झाले म्हणजे तेल झाले असे नव्हे. त्यास उष्णता लागते. पृथ्वीच्या पोटात खोल जावे तसे दर किलोमीटरला सामान्यतः २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढते. जनक खडक दोन ते चार किलोमीटर खोल गाडला गेला आणि त्याचे तापमान साधारणतः ६० ते १२० अंशांच्या आसपास लक्षावधी वर्षे राहिले, म्हणजे केरोजेनचे मोठे रेणू तुटून तेलाचे लहान रेणू सुटू लागतात. शैवलजन्य केरोजेन थोडे हट्टी असते. त्यास या पट्ट्यातील वरच्या बाजूचे तापमान लागते. उष्णता कमी पडली तर केरोजेन कच्चेच राहते आणि फार झाली तर तेलाचाही वायू होतो. गृहिणीला ज्याप्रमाणे पाक एकतारी की गोळीबंद हे पाहावे लागते, तसाच हा प्रकार आहे. फक्त निसर्गाच्या चुलीवर हा पाक कोट्यवधी वर्षे चढलेला असतो.

उष्णता न मिळाल्यास काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील ग्रीन रिव्हर खडकांचे आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी वायोमिंग, यूटा आणि कोलोरॅडो या भागांत मोठी सरोवरे होती. त्यांच्या तळाशी कागदासारखे पातळ थर साचले. त्यांत माशांचे सुंदर जीवाश्मही मिळतात. केरोजेनची समृद्धी अफाट आहे. परंतु बहुतेक ठिकाणी हा खडक पुरेसा खोल गाडला गेला नाही. त्यामुळे तेथे केरोजेन अजूनही खडकातच अडकून आहे. ते काढायचे तर खडक भट्टीत तापवावा लागतो. सरोवर उत्तम होते, गाळही उत्तम होता. पण पाक झाला नाही.

खडकाची साक्ष कशी काढतात?

एखादा खडक जनक आहे की नाही, हे नुसते पाहून सांगता येत नाही. काळा रंग ही केवळ एक सूचना असते. प्रयोगशाळेत तीन प्रश्न विचारले जातात.

पहिला प्रश्न: सेंद्रिय कार्बन किती? शेल खडकात अर्ध्या टक्क्याहून कमी असेल, तर त्यापासून फारशी आशा ठेवत नाहीत. दोन टक्क्यांच्या वर असेल, तर खडक चांगला समजतात.

दुसरा प्रश्न: केरोजेन कोणत्या प्रकारचे? यासाठी १९७० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये एक उपकरण तयार झाले. ते रॉक-इव्हॅल या नावाने ओळखले जाते. खडकाची चिमूटभर पूड निष्क्रिय वायूत सुमारे ३०० अंशांपासून टप्प्याटप्प्याने तापवतात. आधी सुटते ते खडकात तयार असलेले तेल. नंतर केरोजेन तुटून जे सुटते, ती खडकाची उरलेली शक्ती. कोट्यवधी वर्षांचे काम येथे अर्ध्या तासात उरकले जाते. अर्थात तापमान पुष्कळ वाढवावे लागते.

तिसरा प्रश्न: पाक कितपत झाला? जनक खडकात काष्ठाचे चकाकणारे सूक्ष्म कण असतात. खडक जितका तापलेला, तितका त्या कणांवरून प्रकाश अधिक परावर्तित होतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे परावर्तन मोजतात. ते ०.६ ते १.३ टक्क्यांच्या दरम्यान असल्यास खडक तेलाच्या टप्प्यात आहे असे समजतात.

तेलाचे गोत्र शोधण्याचे आणखीही एक साधन आहे. १९३०च्या दशकात म्युनिकमधील रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स याने खनिज तेलात पॉर्फिरिन नावाची संयुगे शोधून काढली आणि त्यांचा संबंध वनस्पतींच्या हरितद्रव्याशी जोडला. तेल सजीवांपासून झाले याचा हा रेण्वीय पुरावा होता. त्यानंतर अशा अनेक जीवखुणा सापडल्या. बॉट्रियोकॉकस नावाचे हिरवे शैवल आजही गोड्या पाण्याच्या तळ्यांत आढळते. त्याच्या विशिष्ट रेणूचा अवशेष तेलात मिळाला, तर ते तेल सरोवराचे, हे जवळजवळ नक्की होते. गॅमासेरेन हा रेणू पाण्यात वर-खाली न मिसळणारे थर होते असे सुचवतो. प्रिस्टेन आणि फायटेन या दोन रेणूंच्या परस्पर प्रमाणावरून तळाशी ऑक्सिजन होता की नव्हता याचा अंदाज येतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सरोवरजन्य तेलात मेण पुष्कळ आणि गंधक थोडे असते. गोड्या पाण्यात सल्फेट क्षार कमी असतात. म्हणून सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंना वाव राहत नाही आणि गाळात गंधक फारसे शिरत नाही. परंतु मेणकट तेल दिसले की सरोवर म्हणून मोकळे होणे घाईचे ठरेल. जमिनीवरच्या झाडांच्या पानांवरही मेणाचा थर असतो आणि ती पाने वाहून येऊन खाडीच्या गाळात साचली, तरी तेल मेणकट होते. एका साक्षीवर निकाल न देता अनेक साक्षींचा मेळ घालावा लागतो, हा नियम न्यायालयाइतकाच येथेही लागू आहे.

बाडमेरचे सरोवर

आता आपल्या देशातील सरोवरजन्य तेलाचे ठळक उदाहरण पाहू. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने पसरत होता. त्या सुमारास पश्चिम भारताचे कवच ताणले जाऊन ठिकठिकाणी भेगाळत होते. खंबातच्या खोऱ्याच्या उत्तरेस, आजच्या पश्चिम राजस्थानात, जमीन खचून एक लांबट दरी तयार झाली. हीच बाडमेर द्रोणी. तिची लांबी सुमारे २०० किलोमीटर आहे. आज तेथे वाळवंट आहे. त्या काळी तेथे नद्या आणि पुढे खोल सरोवरे होती.

प्रथम नद्यांनी वाळू आणून टाकली. तिचा वालुकाश्म झाला. त्यास फतेहगढ शैलसमूह म्हणतात. नंतर दरी वेगाने खचली आणि सरोवर खोल झाले. त्याच्या निवांत तळाशी शैवलांच्या अवशेषांनी समृद्ध असा पातळ पापुद्र्यांचा गाळ साचला. त्यात डायाटम या काचेच्या कवचाच्या शैवलांचाही मोठा वाटा होता. हा बाडमेर हिल शैलसमूह येथील प्रमुख जनक खडक होय. द्रोणीच्या खोल भागात तो पुढे पुष्कळ गाडला गेला, तापला आणि त्यातून तेल सुटले.

येथे एक कोडे उभे राहते. जनक खडक वरचा व वयाने लहान आणि तेल साठले ते खालच्या, वयाने मोठ्या वालुकाश्मात. तेल तर पाण्यापेक्षा हलके. ते वर चढायचे सोडून खाली कसे गेले? उत्तर खचदरीच्या रचनेत आहे. भूकवचाचे तुकडे विभंगांवरून सरकून तिरपे झाले. त्यामुळे एका तुकड्याचा जुना वालुकाश्म उचलला जाऊन शेजारच्या तुकड्याच्या तरुण जनक खडकाला भिडला. खोल भागात सुटलेले तेल अशा वाटांनी तिरप्या वालुकाश्मात शिरले, उथळ कडेकडे चढत गेले आणि वरच्या अभेद्य थरामुळे अडले. थरांचा अनुक्रम आणि आजची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी येथे ध्यानात घ्यावे.

२००४ सालच्या जानेवारीत केर्न कंपनीला येथे मंगला हे क्षेत्र सापडले आणि २९ ऑगस्ट २००९ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले. परंतु तेल बाहेर येताच सरोवराने आपला स्वभाव दाखवला. हे तेल इतके मेणकट आहे की साध्या हवामानात ते थिजते. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत गोठते तसे. सामान्य नळातून ते वाहून नेणेच अशक्य. अखेर गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटर लांबीची, वेष्टन घातलेली आणि सर्व वाटेत विजेने तापती ठेवलेली नळवाहिनी टाकावी लागली. तिच्यात तेल सुमारे ६५ अंशांवर ठेवतात. जगातील अशा प्रकारच्या सर्वांत लांब वाहिन्यांत तिची गणना होते. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या शैवलांच्या देहात मेद किती होता, यावर एकविसाव्या शतकातील अभियंत्यांचा खर्च ठरला. भूरसायनशास्त्र हा केवळ पुस्तकी विषय नाही, हे दाखवण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

मुंबईची तळी आणि मुंबईचे तेल

साधारण त्याच कालखंडात महाराष्ट्रातही तळी होती. लाव्हाचे एक वाहणे थांबून दुसरे येईपर्यंत जो अवकाश मिळे, त्यात खोलगट भागांत पाणी साचे, झाडे वाढत आणि प्राणी येत. त्यांच्या गाळाचे थर लाव्हाच्या थरांमध्ये आढळतात. त्यांना अंतर्ज्वालामुखीय थर म्हणतात. मुंबईच्या मलबार हिल आणि वरळी येथील असे थर प्रसिद्ध आहेत. तेथील काळ्या शेलमध्ये छोट्या बेडकांचे जीवाश्म विपुल सापडले. रिचर्ड ओवेन याने १८४७ साली त्यांचे वर्णन केले. आज हा बेडूक इंडोबॅट्राकस या नावाने ओळखला जातो. लष्करी डॉक्टर हेन्री कार्टर याने १८५२ साली मुंबई बेटाच्या भूरचनेवर लिहिलेल्या प्रबंधात या थरांची दखल घेतली.

बाडमेरला तेल आणि वरळीला बेडूक, असे का झाले? गाळ दोन्हीकडे काळा होता. परंतु मुंबईची तळी लहान आणि अल्पजीवी. त्यांचे थर पातळ. वरून आलेला लाव्हा तप्त खरा. पण त्याची आच थोड्या जाडीपुरती आणि थोड्या काळापुरती असते. लक्षावधी वर्षे टिकणारी मंद ऊब त्याने मिळत नाही. जनक खडकाला हवा असतो विस्तार, जाडी, खोली आणि सावकाश तापणे. यांपैकी बहुतेक गोष्टी तेथे उणीच राहिल्या.

मग मुंबई हायचे तेल कोठून आले, असा प्रश्न साहजिकच येईल. १९७४ सालच्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात हे तेल शोधले आणि १९७६ सालच्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. त्याचा उगम मुख्यतः पन्ना शैलसमूहाच्या शेल खडकांत मानतात. तो गाळ किनाऱ्यावरील दलदली, नदीमुखे आणि उथळ समुद्र यांत साचला. म्हणजे त्यात जमिनीवरच्या वनस्पतींचाही वाटा आहे. तेथून तेल वर सरकून मायोसीन काळातल्या चुनखडकात साठले. तात्पर्य, मुंबई हाय आणि मंगला ही दोन्ही पश्चिम भारताचीच तेलक्षेत्रे. परंतु एकाची कूस किनाऱ्याची, दुसऱ्याची सरोवराची.

आपल्या पायाखाली काय आहे?

नाशिकला बसून हा विषय वाचणाऱ्याच्या मनात शेवटी एक प्रश्न येतोच: आपल्याकडे तेल असेल का? बेसाल्ट हा अग्निजन्य खडक. त्यात केरोजेन असण्याचा प्रश्न नाही. परंतु बेसाल्टच्या खाली, लाव्हा पसरण्यापूर्वीचा एखादा सरोवराचा किंवा समुद्राचा गाळ दडला असू शकेल काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने केलेल्या पाहण्यांत नर्मदा-तापीच्या पट्ट्यात बेसाल्टखाली गाळाचे खडक असल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. उलट कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ९३० मीटर जाडीचा बेसाल्ट संपताच थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. मध्ये गाळाचा थर नव्हता. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या छिद्रात सुमारे ३४० मीटर बेसाल्टखाली गाळाचा अवघा काही मीटरचा थर मिळाला. म्हणजे लाव्हाखालची भूमी सर्वत्र सारखी नाही. शिवाय गाळाचा खडक मिळाला, तरी त्यात केरोजेन किती, कोणत्या प्रकारचे आणि कितपत पक्व, हे तिन्ही प्रश्न उरतातच. भूकंपलहरींच्या पाहणीने खडकाचा आकार कळतो. त्यात शैवल कुजले की टिकले, हे कळत नाही. त्यासाठी नमुना हाती यावा लागतो.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते. अशा स्थितीत नव्या साठ्याची आशा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एक खोल विहीर कोरडी निघाली, तर कोट्यवधी रुपये मातीत जातात. म्हणून आशेला पुराव्याची जोड हवी. खेडोपाडी विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की तेल लागल्याची वार्ता पसरते. तो तवंग बहुधा लोहजीवाणूंचा असतो. याची परीक्षा सोपी आहे. काडीने तवंग हलवावा. त्याचे काचेसारखे तुकडे होऊन ते अलग राहिले, तर तो जीवाणूंचा. फाटून पुन्हा एकजीव झाला, तर तेलाचा. तेलाचा निघाला, तरी तो पंपातून गळलेल्या डिझेलचा तर नाही ना, हे आधी पाहावे.

समारोप

एवढ्या विवेचनाचे सार थोडक्यात असे: तेल हे सरोवराचे जसेच्या तसे रूपांतर नव्हे, ते काही मोजक्या सरोवरांनी अनेक अटी पुऱ्या केल्यानंतर मागे ठेवलेले अवशेष आहेत. शैवले वाढली पाहिजेत, तळ ऑक्सिजनविरहित पाहिजे, गाळ जाड पाहिजे, तो पुरेसा खोल जाऊन बेताने तापला पाहिजे, सुटलेल्या तेलाला वाट आणि वाटेच्या शेवटी बंदिस्त जागा मिळाली पाहिजे. लोणारला पहिल्या दोन अटी दिसतात. ग्रीन रिव्हरला उष्णता उणी पडली. वरळीला विस्तार आणि खोली उणी पडली. बाडमेरला सर्व अटी जुळून आल्या. इतक्या अटी एका ठिकाणी, योग्य क्रमाने जुळणे दुर्मिळ. म्हणूनच तेल सर्वत्र मिळत नाही आणि जेथे मिळते तेथे ते पुन्हा आपल्या हयातीत तयार होत नाही.

आपल्या विद्यार्थिमित्रांना एक सूचना करावीशी वाटते. भूगोल मंडळाची सहल पुढे कधी लोणारला गेली, तर विवराच्या कडेवरून केवळ मंदिरे आणि पाणी पाहून परतू नये. काठाशी उतरावे, काळ्या चिखलाचा वास घ्यावा आणि त्यात काय टिकते, काय नाहीसे होते याचा विचार करावा. एकलहऱ्याचा कोळसा आणि पानेवाडीचे तेल यांतील भेदाचे मूळ अशाच चिखलात आहे, हे तेथे उभे राहिल्यावर सहज पटेल.